अवर्षणप्रवण : एका जोडविशेषणाचा अर्थ आणि उगम

‘ड्राउट-प्रोन’ हे इंग्रजीतले जोडविशेषण महाराष्ट्राच्या सरकारी कागदांत ‘अवर्षणप्रवण’ ह्या रूपात भेटते. ज्या प्रदेशाला पाऊस वारंवार दगा देतो आणि त्यामुळे पीक, चारा व पिण्याचे पाणी ह्यांची ओढाताण दर काही वर्षांनी होतच राहते, तो अवर्षणप्रवण प्रदेश. पुणे जिल्ह्यात शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, पुरंदर ह्या तालुक्यांच्या नावामागे हे विशेषण कित्येक दशके लागत आले आहे. येमाई देवीचे आणि शाहीर बशीर मोमीन कवठेकर यांचे गाव म्हणून माहीत असलेले कवठे येमाई शिरूर तालुक्यात येते, म्हणून तेही अवर्षणप्रवण. गावाला हे विशेषण कोणी आणि कशाच्या आधारावर लावले, त्याचा नेमका अर्थ काय आणि तो गावाच्या शिवाराला कितपत लागू पडतो, हे पाहायचे तर एकीकडे लॅटिन-संस्कृतापर्यंत आणि दुसरीकडे मंत्रालयातल्या शासन निर्णयांपर्यंत जावे लागते.

विशेषणाचा पहिला तुकडा ‘ड्राउट’. कचेऱ्यांत त्याचा उच्चार सर्रास ‘ड्रॉट’ होतो. हा शब्द जुन्या इंग्रजीतला, घरचा. ‘ड्राय’ म्हणजे कोरडा. ‘वॉर्म’पासून जसे ‘वॉर्म्थ’ होते तसेच ‘ड्राय’च्या जुन्या रूपापासून हे भाववाचक नाम तयार झाले. मूळ अर्थ नुसता ‘कोरडेपणा’. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या आरंभीच हा शब्द मार्च महिन्याच्या कोरड्या हवेसाठी वापरला आहे. त्या देशात बारा महिने थोडाथोडा पाऊस पडतो. तिथे काही आठवड्यांची उघडीपही ह्या शब्दात बसते. दख्खनच्या पठारावर त्याच शब्दाने लागोपाठ दोन हंगाम हातचे जाणे सांगावे लागते. शब्द एकच राहिला, पण त्यात भरायचा मजकूर हवामानानुसार बदलला, आणि पुढच्या साऱ्या सरकारी व्याख्यांची खटपट ह्याच कारणाने करावी लागली.

दुसरा तुकडा ‘प्रोन’ अधिक रंजक आहे. लॅटिन ‘प्रोनुस’ म्हणजे पुढे झुकलेला, उताराकडे कललेला. त्यातून इंग्रजीत दोन अर्थ निघाले. एक शरीराचा: पालथा, पोटावर निजलेला. करोनाच्या साथीत प्राणवायू कमी पडणाऱ्या रुग्णांना पालथे झोपवत, त्या ‘प्रोन पोझिशन’ची ओळख महाराष्ट्रातल्या घराघराला झाली. दुसरा अर्थ मनाचा किंवा स्वभावाचा: एखाद्या गोष्टीकडे कल असलेला. संस्कृतातला ‘प्रवण’ अगदी ह्याच वाटेने गेला आहे. ‘प्रवण’ म्हणजे मुळात उतार, उतरती जमीन. मग उताराकडे वळलेला, आणि मग एखाद्या गोष्टीकडे सहज झुकणारा. लॅटिनमधला ‘प्रो’ आणि संस्कृतातला ‘प्र’ हे एकाच कुळातले उपसर्ग आहेत. तेव्हा ‘प्रोन’साठी ‘प्रवण’ निवडणाऱ्या भाषांतरकाराने, जाणून असो की नुसत्या नादावर, दूरच्या नात्यातलाच शब्द घरी आणला. परिभाषा घडवताना इतके चपखल स्थळ क्वचितच जुळते.

एक फरक मात्र राहिला. इंग्रजीत ‘प्रोन’ वाईटाकडेच कलतो. अपघात, आजार, चुका, दुष्काळ ह्यांच्या मागे तो लागतो. सुखाच्या किंवा गुणाच्या मागे सहसा लागत नाही. मराठीत ‘प्रवण’ला असा विटाळ नाही. ‘कार्यप्रवण’ माणसाचे कौतुकच होते, आणि ‘भक्तिप्रवण’ म्हटल्याने कोणाला कमीपणा येत नाही. मराठीत ‘प्रवण’ला धोक्याची छटा आली ती ‘अवर्षणप्रवण’, ‘भूकंपप्रवण’, ‘पूरप्रवण’ अशा सरकारी शब्दांमुळे, म्हणजे इंग्रजीच्या मार्फत.

नामामागे ‘प्रोन’ लावून विशेषण करण्याची लकब इंग्रजीत रुळली ती विसाव्या शतकात, आणि तिची वाट शेतातून न जाता कारखान्यातून गेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांना होणाऱ्या इजांची आकडेवारी मेजर ग्रीनवुड आणि हिल्डा वुड्स यांनी तपासली. त्यांचा अहवाल १९१९ मध्ये आला. काही थोड्या कामगारांच्या वाट्याला बरेच अपघात येतात, असे त्या आकड्यांतून दिसत होते. १९२६ मध्ये फार्मर आणि चेंबर्स ह्या मानसशास्त्रज्ञांनी ह्या प्रवृत्तीला ‘ॲक्सिडेंट प्रोननेस’ असे नाव दिले, आणि ‘ॲक्सिडेंट-प्रोन’ हे विशेषण चलनात आले. ह्या जन्मकथेतली एक गोष्ट पुढेही कामाची आहे: विशेषणामागे संख्याशास्त्र होते. एखाद्याला आज अपघात झाला, एवढ्यावरून तो ‘प्रोन’ ठरत नव्हता. पुष्कळ काळाच्या नोंदी पाहून त्याचा कल ठरवायचा होता. पुढे तालुक्यांना ‘ड्राउट-प्रोन’ ठरवतानाही हीच रीत वापरली गेली.

नाम आणि विशेषण जोडून होणाऱ्या अशा इंग्रजी शब्दांत त्या दोहोंमधले नाते दिसत नाही, ते ओळखावे लागते. ‘शुगर-फ्री’ म्हणजे साखरेपासून मुक्त, ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे पाण्याला दाद न देणारे, ‘ड्राउट-प्रोन’ म्हणजे अवर्षणाकडे कललेले. संस्कृत व्याकरणाने ह्या लपलेल्या नात्यांना विभक्तीची नावे देऊन ठेवली आहेत. त्या हिशेबाने पहिला पंचमी तत्पुरुष आणि शेवटचा सप्तमी तत्पुरुष. मराठीने ‘अवर्षणप्रवण’ हा समासच केला, म्हणून तो एकसंध लिहायला हवा. सरकारी पत्रांत तो बहुधा ‘अवर्षण प्रवण’ असा फोडून लिहितात. मूळ कार्यक्रमाच्या इंग्रजी नावातही ‘ड्राउट’ आणि ‘प्रोन’ ह्यांच्यामधली जोडरेघ गायब आहे. ती ढिलाई भाषांतराबरोबर मराठीत उतरली असावी.

समासाचे पूर्वपद ‘अवर्षण’. वर्षण म्हणजे पाऊस पडणे, त्याचा अभाव ते अवर्षण. ही कल्पना जुनी आहे. अनावृष्टी ही शेतीवरच्या ‘ईतीं’पैकी, म्हणजे संकटांपैकी, एक मानली गेली, आणि पाणिनीने तर पाऊस अडून राहण्याच्या अर्थी ‘अवग्रह’ हा शब्द साधण्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. पण गावात ‘अवर्षण’ कोणी बोलत नाही. तिथे पाऊस ओढ देतो, ताण देतो, दडी मारतो. आणि सगळेच फसले की दुष्काळ पडतो. ‘दुष्काळ’ म्हणजे नुसता वाईट काळ. त्यात पावसाचा उल्लेखच नाही. म्हणून मराठीत ‘कोरडा दुष्काळ’ आणि ‘ओला दुष्काळ’ असे दोन दुष्काळ होऊ शकतात, तर इंग्रजीत ओला ‘ड्राउट’ शक्य नाही. काढणीला आलेली बाजरी कणसातच उगवून आली तर ते संकट दुष्काळच, पण अवर्षण नव्हे. ‘ड्राउट’साठी ‘दुष्काळ’ न घेता ‘अवर्षण’ घेणे अर्थाच्या दृष्टीने म्हणूनच बरोबर होते. बोलण्यात मात्र ‘दुष्काळी पट्टा’, ‘दुष्काळी भाग’ हेच राहिले. मराठीने आपल्या ‘-ई’ प्रत्ययाने एका फटक्यात जे केले, ते करायला परिभाषेला सात अक्षरांचा समास लागला. तरी दोन्ही एक नाहीत. ‘दुष्काळी’मध्ये स्वभाव येतो आणि प्रसंगही, ‘प्रवण’मध्ये फक्त स्वभाव.

हे विशेषण येण्याआधी ह्या मुलखाला काय म्हणत असत? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अहवालांत मुंबई इलाख्याच्या देशावरच्या भागाला दुष्काळाची भीती असलेला, पावसाची खात्री नसलेला, असुरक्षित असा मुलूख म्हटलेले असते. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ झाल्यावर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता निघाल्या. पाटबंधाऱ्यांचेही दोन वर्ग पडले: उत्पन्न देणारे आणि रक्षण करणारे. दुसऱ्या वर्गातला कालवा सरकारी तिजोरीला नफा देणारा नसला, तरी दुष्काळात होणारा खर्च वाचवतो, असा त्यामागचा हिशेब. नीरेचा डावा कालवा ह्याच काळातला. बारामती आणि इंदापूरचे रूप त्याने पालटले. शिरूरच्या वाट्याला तसे काही लवकर आले नाही.

शिरूरच्या कोरड्या शिवाराचे शास्त्रशुद्ध वर्णन मात्र लवकर झाले. मुंबई इलाख्याच्या शेती खात्याचे हॅरल्ड मॅन यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्यासह शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा अभ्यास केला. तो १९२१ मध्ये पुस्तकरूपाने आला. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास त्यांनी आधीच, १९१७ मध्ये, प्रसिद्ध केला होता. दुसरे गाव निवडताना पावसाचा भरवसा नसलेले गाव मुद्दाम घेतले. जमिनीचे तुकडे, कर्ज, बैलजोड्या, कुटुंबाचे उत्पन्न हे सारे घरोघर मोजल्यावर त्यातून दिसले ते असे की, अशा गावात ‘सर्वसाधारण वर्ष’ ही गोष्टच दुर्मीळ असते. चांगल्या वर्षात गाव कसेबसे तोल सावरते, वाईट वर्षात कर्जात जाते. ‘ड्राउट-प्रोन’ हा शब्द त्या पुस्तकाच्या हाताशी नव्हता. त्या शब्दाने जे सांगायचे, ते त्यात पुरेपूर आहे.

स्वातंत्र्यानंतर भाषेत एक चमत्कारिक वळण आले. १९६३ मध्ये महाराष्ट्राने चक्क कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द वगळला आणि तिथे ‘स्कॅर्सिटी’ म्हणजे टंचाई घातली. आता माणसे भुकेने मरू दिली जाणार नाहीत, पाऊस गेला तरी फक्त टंचाई होईल, ही त्यामागची भूमिका. हेतू काहीही असो, परिणाम असा की सर्वांत जुना, सर्वांना कळणारा शब्द कायद्याच्या पुस्तकातून गेला आणि त्याची जागा घ्यायला अर्धा डझन सौम्य शब्द रांगेत उभे राहिले. ‘अवर्षणप्रवण’ त्यांपैकी एक, आणि त्यातल्या त्यात सर्वांत प्रामाणिक.

नऊच वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ आला. तो खरे तर १९७० पासून साचत होता. १९७२ च्या पावसाळ्याने उरलेसुरले संपवले. शिरूर-दौंड भागात त्या पिढीतली माणसे वर्षे मोजताना अजून ‘बहात्तरच्या आधी’ आणि ‘बहात्तरच्या नंतर’ असे बोलतात. खडी फोडण्याची कामे, नालाबंडिंग, पाझर तलाव, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा लाल मिलो हा त्या वर्षाचा शब्दसंग्रह. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना ह्याच दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. गावोगावचे कितीतरी पाझर तलाव आणि रस्ते मुळात बहात्तरची कामे आहेत.

‘ड्राउट-प्रोन’ विशेषण सरकारी भाषेत पक्के झाले ते ह्याच सुमारास. अजित प्रसाद जैन यांच्या अध्यक्षतेखालच्या केंद्रीय पाटबंधारे आयोगाने १९७२ च्या अहवालात त्याला मोजमाप दिले. ज्या भागात शंभरातली वीस वर्षे तरी पाऊस सरासरीच्या पंचाहत्तर टक्क्यांहून कमी पडतो, ते दुष्काळी क्षेत्र. शंभरातली चाळीस वर्षे तसे होत असेल, तर तो कायमचा दुष्काळी. पेरणीखालच्या जमिनीपैकी तीस टक्के किंवा जास्त जमीन ओलिताखाली असलेला भाग त्यातून वगळायचा. कारखान्यातल्या कामगारांचे अपघात मोजावेत तशीच ही मोजणी: एका वर्षाने काही ठरत नाही, अनेक वर्षांचा कल पाहायचा. १९७० मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण कामांच्या केंद्रीय कार्यक्रमाला १९७३-७४ पासून ‘ड्राउट प्रोन एरियाज प्रोग्रॅम’ हे नाव मिळाले आणि त्याचे मराठीत ‘अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम’ झाले. महाराष्ट्रात कोणते तालुके त्यात धरायचे हे ठरवण्यासाठी १९७३ मध्ये सुखटणकर समिती बसली; पुढच्या दशकात सुब्रमण्यम समितीने ती यादी पुन्हा तपासली. ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत ह्या कार्यक्रमाचे नाव एवढेच होते: ‘डीपीएपी’. मराठी समास फलकावर राहिला, आद्याक्षरे तोंडात बसली.

आता ज्या जमिनीला हे विशेषण लागले ती पाहू. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर चढताना आपले पाणी घाटमाथ्यावर ओततात आणि पूर्वेकडे उतरताना कोरडे होत जातात. भीमाशंकरच्या डोंगरावर पाऊस हजारो मिलिमीटरने मोजतात. तिथून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर शिरूर तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पण अडचण केवळ पाऊस कमी असण्याची नाही. पाचशे मिलिमीटर वेळच्या वेळी पडला तर बाजरी, मटकी, हुलगा आणि पुढे ज्वारी ह्यांना तो पुरतो. तो वेळच्या वेळी पडत नाही. जून-जुलैत नुसती भुरभुर, मग दीर्घ खंड, आणि सप्टेंबरात उत्तरा-हस्ताच्या सुमारास परतीचा पाऊस एकदम. रब्बीची सारी मदार त्या परतीच्या पावसावर. हस्त बरसला आणि रानाला वाफसा आला की घात साधून शाळू पेरायचा. हस्त कोरडा गेला तर रान तसेच पडून राहते. ‘सरासरी पाऊस’ हा आकडा ह्या भागात हवामान खात्याच्या तक्त्यात सापडतो, शेतात क्वचितच.

खालचा खडक बेसाल्टचा. माळावर मुरमाड, हलकी, बोटभर जाडीची माती. नदीकाठाला खोल काळी. बेसाल्टात पाणी भेगांमधून आणि झिजलेल्या थरातच साठते, त्यामुळे एका विहिरीला पाणी लागते आणि शेजारची कोरडी जाते. विहिरीची खोली जुनी माणसे परसात सांगत. आता बोअर फुटांत सांगतात आणि त्या फुटांचा आकडा दर दुष्काळागणिक वाढतो. ह्याच तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना हाताच्या कामातून शिकवणाऱ्या ह्या संस्थेने भूजलाच्या शोधासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजणारे स्वस्त उपकरण तयार केले आणि ते चालवायला ग्रामीण तरुणांना शिकवले. नारळ आणि कडुलिंबाची काठी घेऊन रानभर फिरणाऱ्या पाणाड्याचे दिवस त्याने लगेच संपले असे नाही, पण शेतकऱ्यापुढे दुसरा पर्याय आला.

शिरूर तालुका हे सगळे असूनही एकसारखा कोरडा नाही, आणि इथेच विशेषणाची खरी अडचण सुरू होते. घोड आणि कुकडी ह्या दोन नद्यांमधल्या पट्ट्याला ‘बेट भाग’ म्हणतात. कवठे येमाईच्या परिसरातली पिंपरखेड, जांबूत, टाकळी हाजी ही गावे ह्या पट्ट्यातली. टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रात, पलीकडच्या पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या समोर, पाण्याने खडकात कोरलेले प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले, नदीत जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बसले, उजवा कालवा शिरूरकडे आला; खाली चिंचणीला घोड धरण आधीपासून होते. भीमेवरच्या चासकमानचे पाणीही तालुक्याच्या दक्षिण भागात पोचले. त्यामुळे नदीकाठाला मैलोगणती ऊस उभा राहिला आणि त्याला न्यायला साखर कारखान्यांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर येऊ लागले. कालव्याच्या आणि नदीच्या पोहोचेबाहेरच्या वाड्यावस्त्या मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. केंदूर-पाबळच्या बाजूला पाण्याची मागणी दर निवडणुकीत नव्याने निघते. एका तालुक्याला एकच विशेषण, आणि त्याखाली एका काठाला उसाचे पाचट जळते आहे तर दुसऱ्या अंगाला जनावरांना कडबा विकत आणावा लागतो आहे.

सातबाराचा उतारा ह्या बाबतीत अधिक बोलका असतो. त्यात तालुक्याचा स्वभाव लिहायला रकानाच नाही. गट नंबरागणिक जिरायत की बागायत, पाण्याचे साधन विहीर की कालवा, पोटखराबा किती, पिके कोणती, हे मात्र असते. शेतकरी स्वतःच्या जमिनीला ‘अवर्षणप्रवण’ कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘चार एकर जिरायत आहे आणि दीड एकर विहिरीखाली.’ सोयरीक जुळवताना, कर्ज मागताना, वाटणी करताना हीच भाषा चालते. विशेषण तालुक्याचे, आणि पाण्याचा हिशेब गटाचा. ह्या दोन पातळ्यांमध्ये जे अंतर आहे, त्यात योजनांचा पुष्कळ पैसा नको तिथे मुरला.

‘प्रवण’चे शेजारी शब्द ओळखल्यावाचून त्याचा अर्थ पुरता कळत नाही. ‘दुष्काळग्रस्त’ म्हणजे ज्याला दुष्काळाने प्रत्यक्ष गाठले आहे तो. ‘ग्रस्त’ ठरण्यासाठी यंदाचे वर्ष पाहतात: पूर्वी पिकाच्या उताऱ्याची आणेवारी, मग पैसेवारी, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की महसुलात सूट, परीक्षा शुल्कमाफी, वीजबिलात सवलत असे लाभ लागू होत; आताचे निकष पुढे येतात. ‘प्रवण’ ठरण्यासाठी अनेक वर्षे पाहतात, आणि त्यातून मिळते ते नियोजन: मृद्संधारण, पाणलोट, चारा, वृक्षलागवड. अवर्षणप्रवण तालुका एखाद्या वर्षी मुळीच दुष्काळग्रस्त नसेल. आणि एरवी भरपूर पावसाचा वेल्ह्यासारखा तालुका एखाद्या वर्षी दुष्काळाच्या यादीत येऊ शकतो. वर्तमानपत्रांत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी पडतात, आणि मग ‘आमचा तालुका अवर्षणप्रवण असूनही मदत का नाही’ असा रास्त वाटणारा पण चुकीच्या खिडकीवर विचारलेला प्रश्न निघतो.

तिसरा शेजारी ‘दुष्काळसदृश’. हा जोडशब्द खास मंत्रालयाच्या घडणीचा. दुष्काळ म्हणायचा नाही आणि नाकारायचाही नाही, अशा वेळी तो कामाला येतो. २०१५-१६ मध्ये राज्य सरकारने हजारो गावांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि मे २०१६ मध्ये सरकारला असा आदेश काढावा लागला की, जिथे ‘दुष्काळसदृश’ म्हटले आहे तिथे ‘दुष्काळ’ असे वाचावे. एका प्रत्ययासारख्या शब्दाने २९ हजारांहून अधिक गावांचे काय होते, हे तेव्हा दिसले. त्याच वर्षअखेरीस केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. पैसेवारीला मागे सारून तिने पावसातली तूट आणि तीन-चार आठवड्यांचा खंड, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती, जमिनीतली ओल, भूजल असे निकष लावले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ह्या निकषांवर महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत. शिरूर आणि दौंड दोन्ही याद्यांत आहेत. २०२३ मध्ये ह्या ४० तालुक्यांबाहेरच्या नऊशेहून अधिक महसूल मंडळांना पुन्हा ‘दुष्काळसदृश’ हेच लेबल लागले. न्यायालयामुळे काढावा लागलेला शब्द मागच्या दाराने परतला.

‘प्रवण’ स्वतः मात्र पावसापुरता उरला नाही. पुणे-अहिल्यानगर रस्त्याने शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर असे जाताना कडेला ‘अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा’ असे पिवळे-काळे फलक दिसतात. फार्मर-चेंबर्सनी माणसाला लावलेले विशेषण इथे वळणाला आणि चौकाला लागले आहे; चालक बदलले तरी अपघात त्याच जागी होतात, हे नोंदींतून कळल्यावर दोष स्वभावाचा नसून रस्त्याच्या बांधणीचा आहे, हे मान्य करण्याचा तो मार्ग. बेट भागात ह्याहून नवी भर पडली. उसाच्या फडात आडोसा आणि कुत्री-शेळ्यांची शिकार मिळत असल्याने बिबटे तिथेच वाढले, आणि माणसांवर हल्ले होऊ लागले. २०२४ मध्ये जुन्नर वनविभागातली, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर ह्या तालुक्यांतली, दोनशेहून अधिक गावे ‘बिबट आपत्तीप्रवण क्षेत्र’ म्हणून जाहीर झाली. एकाच शिवारावर आता दोन ‘प्रवण’ आहेत: पाणी नसते म्हणून अवर्षणप्रवण, आणि पाणी आले, ऊस आला म्हणून बिबट आपत्तीप्रवण. दोन्ही कागद खरे आहेत. दोन्ही एकत्र वाचले तरच त्या भागाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास कळतो.

मूळ कार्यक्रमाचे पुढे काय झाले, तेही नोंदवले पाहिजे. वीस वर्षे खर्च होऊनही तालुके ‘प्रवण’चे ‘प्रवण’च राहिले, तेव्हा १९९४ मध्ये सी. एच. हनुमंत राव समितीने रस्ते, तलाव, गाई-म्हशी अशी सुटी कामे सोडून पाणलोट हे एकक धरायला सांगितले. १ एप्रिल १९९५ पासून तशी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. पाणलोट गावाची किंवा तालुक्याची हद्द ओळखत नाही. पाणी ज्या उताराने वाहते तो उतार तो ओळखतो. नकळत ‘प्रवण’ शब्द आपल्या पहिल्या अर्थाला, जमिनीच्या उताराला, जाऊन भिडला. २००९ मध्ये अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम इतर दोन कार्यक्रमांबरोबर एकात्मिक पाणलोट व्यवस्थापन कार्यक्रमात विलीन झाला आणि ‘डीपीएपी’ हे नाव संपले.

कार्यक्रम संपला तरी तालुक्यांची यादी संपली नाही. सिंचनाचा अनुशेष, शाळा-वसतिगृहांची मंजुरी, उद्योगांच्या सवलती, विहिरींचे अनुदान ह्यांच्या प्रस्तावांत ‘सदर तालुका अवर्षणप्रवण असून’ हे वाक्य अजून पहिल्या परिच्छेदात येते. ते लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा यंदाचा पाऊस असतो. यादी मात्र १९७३ च्या समितीपासून चालत आलेली असते. असा प्रस्ताव, अहवाल किंवा बातमी वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात: विशेषण ‘प्रवण’ आहे, ‘ग्रस्त’ आहे की ‘सदृश’, ते तालुक्याला लावले आहे, मंडळाला की गावाला, आणि त्यामागची पावसाची आकडेवारी कोणत्या वर्षापर्यंतची आहे. शिरूर तालुक्यापुरते बोलायचे तर यादी ठरली त्यानंतर डिंभे आणि चासकमानचे पाणी आले, उसाचे क्षेत्र पसरले आणि बोअर खोल गेल्या. ती यादी गावनिहाय, निदान महसूल मंडळनिहाय, नव्याने करायला हवी.